आल्प्समधील पर्वतनिवारे : एका रात्रीच्या मुक्कामामागचा इतिहास

ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड किंवा बव्हेरियातील एखाद्या पर्वतनिवाऱ्यात संध्याकाळी पोहोचलेला माणूस आधी चिखलाने भरलेले बूट काढून लाकडी मांडणीवर ठेवतो आणि मग नोंदवहीत आपले नाव, कुठून आलो आणि उद्या कुठे जाणार हे लिहितो. ही नोंद औपचारिकता नाही, कारण तो वेळेवर खाली उतरला नाही तर शोधपथक कोणत्या दिशेला पाठवायचे हे तिच्यावरून ठरते. रात्री तो एकमेकींना लागून अंथरलेल्या गाद्यांपैकी एकीवर, सोबत आणलेल्या पातळ कापडी पिशवीत शिरून, अनोळखी माणसांच्या शेजारी झोपतो. साधारण दहा वाजता दिवे मालवले जातात. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे नियम काहीसे कडक वाटतात. पण त्यांतला जवळजवळ प्रत्येक नियम दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या अनुभवातून आणि वादांतून आलेला आहे, आणि त्या वादांच्या मुळाशी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो : डोंगरातले हे दार नेमके कोणासाठी उघडे असावे?

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर धर्मशाळेने दिले होते. इटली आणि स्वित्झर्लंड यांच्यामधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, सुमारे 2,470 मीटर उंचीवर, अकराव्या शतकाच्या मध्याला आओस्ताच्या बर्नार्ड या धर्मगुरूने वाटसरूंसाठी आश्रयस्थान उभारले. व्यापारी, यात्रेकरू, सैनिक असे जे कोणी बर्फात अडकेल, त्याला तिथे अन्न आणि ऊब मिळत असे. मात्र या लोकांना डोंगरात राहायचे नव्हते, तो ओलांडायचा होता. शिखरावर जाण्यासाठी वाटेत रात्र काढण्याची कल्पना त्यानंतर सात शतकांनी आली.

8 ऑगस्ट 1786 रोजी जाक बाल्मा आणि मिशेल-गाब्रिएल पाकार हे दोघे माँ ब्लांच्या शिखरावर पोहोचले, आणि पुढच्याच वर्षी जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर उपकरणे घेऊन तिथे गेले. उंच आल्प्समध्ये मुक्कामाची गरज पहिल्यांदा भासली ती अशा अभ्यासकांना. 1840 साली हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्या लुई अगासी यांनी उंटरआर हिमनदीवर वाहत आलेल्या एका अवाढव्य शिळेखाली आपला तळ मांडला. शिळेच्या आडोशाला दगडांची भिंत रचून केलेल्या त्या जागेला त्यांच्या मंडळींनी ‘नॉशातेलकरांचे हॉटेल’ असे नाव दिले, कारण अगासी तेव्हा नॉशातेलला शिकवत होते. ज्या बर्फाची गती मोजायची त्याच बर्फावर बसलेला हा निवारा हिमनदीबरोबर हळूहळू खाली सरकत होता. या सगळ्या इतिहासात मला हे चित्र सर्वांत मोलाचे वाटते.

गिर्यारोहण हा छंद झाल्यावर निवाऱ्याची गरज व्यवहाराची झाली. उन्हाने बर्फ मऊ झाला की हिमनदीतल्या भेगांवरचे बर्फाचे पूल कोसळतात आणि वरून दगड सुटू लागतात. म्हणून मध्यरात्रीनंतर, बर्फ कडक असताना निघून दुपारच्या आत परत येणे हाच सुरक्षित क्रम ठरला. खोऱ्यातल्या गावातून निघून हे जमत नाही, त्यासाठी आदली रात्र वरच काढावी लागते. 1853 साली शामोनीच्या वाटाड्यांनी माँ ब्लांच्या वाटेवर ग्राँ म्युले येथे खोपटे बांधले ते याच हिशेबाने.

यानंतर संस्था उभ्या राहिल्या. लंडनचा अल्पाइन क्लब 1857 साली निघाला, पण निवारे बांधणे हे त्याने आपले मुख्य काम मानले नाही. ते काम आल्प्सच्या देशांतल्या संस्थांनी हाती घेतले. ऑस्ट्रियाची संस्था 1862 साली, स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या संस्था 1863 साली, जर्मनीची 1869 साली आणि फ्रान्सची 1874 साली स्थापन झाली. स्विस संस्थेने जन्माच्याच वर्षी ट्योडी शिखराच्या वाटेवर 2,448 मीटर उंचीवर ग्र्यूनहॉर्न निवारा बांधला, आणि इटालियन संस्थेचा पहिला निवारा 1866 साली मॉन्विसोच्या पायथ्याशी आल्पेत्तो येथे उभा राहिला. फ्रेंच आणि इटालियन भाषांत या वास्तूला जो शब्द आहे त्याचा अर्थच ‘आश्रय’ असा होतो.

पूर्व आल्प्समध्ये दोन माणसांच्या कामाचा उल्लेख वेगळा करायला हवा. ओत्झ खोऱ्यातल्या फेन्ट या गरीब गावाचे धर्मगुरू फ्रान्त्स झेन यांच्या लक्षात आले होते की डोंगराळ शेतीवर जगणाऱ्या आपल्या लोकांच्या हाती पैसा यायचा असेल तर तो शहरातून येणाऱ्या गिर्यारोहकांकडूनच येईल. त्यांनी वाटा बांधवल्या, गावातल्या तरुणांना वाटाडे म्हणून तयार केले, स्वतःच्या निवासात पाहुणे उतरवले, आणि या सगळ्यात ते कर्जबाजारी झाले. दुसरे योहान श्ट्यूड्ल हे प्रागचे व्यापारी. त्यांनी 1868 साली स्वखर्चाने ग्रोसग्लॉकनर शिखराच्या दक्षिणेला 2,801 मीटरवर निवारा बांधला आणि कल्स गावातल्या वाटाड्यांची संघटना उभी केली. जर्मन संस्थेच्या स्थापनेत या दोघांचाही पुढाकार होता. 1873 साली जर्मन आणि ऑस्ट्रियन संस्था एक झाल्या. त्यांचे काम गावोगावच्या शाखांमार्फत चाले, आणि प्रत्येक शाखा आल्प्समधला एखादा भाग आपला मानून तिथे निवारा बांधत असे. बर्लिन किंवा प्राग यांसारख्या दूरच्या शहरांची नावे आजही तिथल्या निवाऱ्यांना दिसतात ती त्यामुळे.

शतकाच्या अखेरीस ही बांधकामे थक्क करणाऱ्या उंचीवर पोहोचली. मॉन्ते रोझाच्या 4,554 मीटर उंचीच्या एका शिखरावर 1893 साली इटलीची राणी मार्गेरिता हिच्या उपस्थितीत तिच्याच नावाच्या निवाऱ्याचे उद्घाटन झाले, आणि विरळ हवेचा शरीरावर होणारा परिणाम आंजेलो मोसो यांनी तिथेच अभ्यासला. दुसरीकडे ऑस्ट्रियातील त्सिलरटाल खोऱ्यामधल्या 1879 सालच्या बर्लिन निवाऱ्याचे रूप विस्तार होत होत भव्य हॉटेलासारखे झाले. तिथे टपाल कार्यालय होते आणि चांभाराचे दुकानही होते. या वाटेने निवाऱ्याचा मूळ हेतू हरवेल अशी भीती अनेकांना वाटू लागली, आणि 1923 साली बाट ट्योल्त्स येथील सभेत संयुक्त संस्थेने साधेपणाचे नियम मंजूर केले. जेवण साधे असावे, झोपायला गादी आणि घोंगडे पुरे, आणि अग्रक्रम गिर्यारोहकाला मिळावा, हा त्यांचा आशय होता. आजच्या साध्या सामूहिक शयनगृहामागे ही भूमिका आहे.

त्याच काळात, त्याच संस्थेत, दार बंद करण्याचे कामही झाले, आणि ते टाळून हा इतिहास सांगणे अप्रामाणिक ठरेल. 1921 पासून व्हिएन्नातील काही शाखांनी ज्यूंना सदस्यत्व नाकारले. ज्यू आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सदस्यांनी डोनाउलांड ही वेगळी शाखा काढली, तर 1924 साली ती शाखाच संस्थेतून काढून टाकण्यात आली. वादळात सापडलेल्या कोणालाही आत घेण्यासाठी बांधलेल्या काही निवाऱ्यांवर ज्यूंना मज्जाव असल्याच्या पाट्या लागल्या. हे नाझी सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधी घडले. या धोरणाच्या निषेधार्थ बर्लिनच्या शाखेतून बाहेर पडलेल्या सदस्यांनी त्सिलरटालमध्ये फ्रीझनबर्ग निवारा बांधला, आणि आज तो असहिष्णुतेविरुद्धच्या कामाचे केंद्र म्हणून ओळखला जातो.

कामगारांचा प्रश्न निराळा होता. त्यांना संस्थेची वर्गणी आणि लांबची सुट्टी दोन्ही परवडत नसे. 1895 साली व्हिएन्नात सुरू झालेल्या ‘निसर्गमित्र’ या चळवळीने त्यांच्यासाठी स्वतःची घरे बांधली, आणि डोंगर सर्वांना मोकळा हवा ही मागणी तिने घोषवाक्यासारखी वापरली.

पूर्वी पीठ, सरपण आणि बटाटे हमालांच्या पाठीवर किंवा खेचरांवर येत. आता बऱ्याच ठिकाणी ते दोरवाटेने किंवा हेलिकॉप्टरने येतात. एकट्या स्विस संस्थेचे सुमारे 150 निवारे आहेत आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारसाठी जागा कित्येक आठवडे आधी राखून ठेवावी लागते. तरीही निवारा सांभाळणारी मंडळी हंगाम संपवून खाली उतरताना अनेक ठिकाणी एक लहानशी खोली मागे उघडी ठेवतात. आत लाकडे, चूल, भांडी आणि घोंगडी असतात. येणाऱ्याने बर्फ वितळवून पाणी करावे, जाताना झाडलोट करावी आणि मुक्कामाचे पैसे पेटीत टाकावेत अशी अपेक्षा असते.

नवी अडचण जमिनीतूनच आली आहे. कायम गोठलेला खडक सैल होऊ लागल्याने डोंगरकडे कोसळण्याचा धोका वाढला, आणि त्यामुळेच 2021 साली बर्नीज आल्प्समधला मुटहॉर्न निवारा बंद करावा लागला. आलेच हिमनदीवरचा कॉन्कॉर्डिया निवारा 1877 साली बांधला तेव्हा बर्फाच्या पृष्ठभागापासून जेमतेम 50 मीटर उंच होता. त्यानंतर बर्फ इतका खाली गेला की दिवसभर हिमनदीवरून चालत आलेल्या माणसाला आता शेवटी खडकाला बसवलेल्या साडेचारशेहून अधिक लोखंडी पायऱ्या चढाव्या लागतात.