माल्टचा उतारा: एका आकड्याची पार्श्वभूमी

साखर कारखान्यात उसाचा उतारा काढतात, तसा बिअर बनवणारा माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा, उतारा काढतो. मॅश एफिशियन्सी म्हणतात ती हीच. भरडलेला माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवला (हाच मॅश) की त्यातल्या स्टार्चची साखर होते; गाळून निघालेले गोड पाणी म्हणजे वॉर्ट. माल्टमधून जेवढी साखर निघू शकत होती, तिच्यातली किती वॉर्टमध्ये आली, याची ती टक्केवारी.

पूर्वी इंग्लंडमध्ये एकाच माल्टवर तीन-चार वेळा गरम पाणी चढवत. पहिल्या पाण्याची कडक बिअर, शेवटच्याची पाणचट. चोथ्यात किती गोडी उरली, हे जिभेलाच ठाऊक. 1784 च्या सुमारास हल शहरातल्या जॉन रिचर्डसन यांनी सॅकरोमीटरने, म्हणजे वॉर्टमधली साखर मोजणाऱ्या उपकरणाने, घेतलेली मोजमापे छापली आणि स्वस्त, गडद भाजलेल्या ब्राउन माल्टचे बिंग फुटले. त्याचा उतारा फिकट पेल माल्टपेक्षा इतका कमी होता की शेवटी तोच महाग पडे. पोर्टर ही गडद बिअर बनवणारे पेल माल्टकडे वळले, रंग मात्र गेला. तो परत आणणाऱ्या काळ्या माल्टचे पेटंट डॅनिएल व्हीलर यांनी 1817 मध्ये घेतले. पुन्हा पुन्हा मॅश करण्याऐवजी चोथ्यावर वरून पाणी शिंपडायची पद्धत, म्हणजे स्पार्ज, स्कॉटलंडकडून आली.

मग सरकारनेही उतारा धरला. 1880 मध्ये ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर काढून वॉर्टवर बसवला. 84 पौंड माल्टमधून 1.057 घनतेचा (पाण्याची 1) 36 गॅलन वॉर्ट निघतो, असे गृहीत होते. आजच्या मापात हे किलोला सुमारे 245 अंक होतात (अंक म्हणजे घनतेतले 1 च्या वरचे हजारांश, 1.057 चे 57, गुणिले लिटर). चांगला पेल माल्ट जास्तीत जास्त 300 च्या आसपास देतो, म्हणजे सरकारने धरलेला उतारा 82 टक्के.

ब्रिटनमध्ये घरी बिअर बनवायला लागणाऱ्या परवान्याची अट 1963 मध्ये गेली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 1978 मध्ये तिला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग आजही गुन्हाच आहे.) थेट माल्टपासून बनवणाऱ्यांनी सुरुवातीला कारखान्यांची नक्कल केली: भोके पाडलेली बादली आणि तासभर थेंबथेंब स्पार्ज. नंतर पिकनिकच्या कूलरमध्ये पाणी एकदम ओतून, ढवळून, काढून घेण्याची बॅच स्पार्ज रुळली. ऑस्ट्रेलियातून कापडी पिशवीतला मॅश आला. पिशवीच गाळणी असल्याने टरफल शाबूत ठेवायची गरज उरली नाही आणि माल्ट बारीक भरडता आला. अनेकांचा उतारा तेवढ्यानेच वाढला. तोवर कमी उताऱ्याचा सारा दोष स्पार्जवर ढकलला जात होता.

खरे तर एका टक्केवारीत दोन वेगळे तोटे लपलेले असतात: स्टार्चची साखरच न होणे, आणि झालेली साखर चोथ्यात राहणे. 5 किलो पेल माल्टचे 1500 अंक. उकळण्याआधी 1.048 चा 23 लिटर वॉर्ट मिळाला, तर 48 गुणिले 23 म्हणजे 1104 अंक, सुमारे 74 टक्के. उरलेले 26 कुठे गेले, हे पहिला, म्हणजे स्पार्जचे पाणी घालण्याआधीचा, वॉर्ट सांगतो. किलोला 3 लिटर पाणी असेल, तर तो 1.083 च्या आसपास हवा. मात्र नमुना 20 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करूनच मोजावा. मॅशच्या 65 अंशांवर हायड्रोमीटर, म्हणजे घनतामापक, घनतेचे 15 ते 18 हजारांश कमी दाखवतो, आणि निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

थंड नमुनाही 1.070 दाखवत असेल, तर स्पार्जशी झगडू नका. आधी भरड बघा. मूठभर भरडीत अख्खा दाणा दिसता कामा नये. दोन रोलरच्या गिरणीत फट 1 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, पिशवीसाठी त्याहून कमी. मग मॅशचा पीएच (आम्लतेचे माप): 5.2 ते 5.6. पाण्यातले कॅल्शियम तो खाली ओढते आणि बायकार्बोनेट वर नेते, याचा हिशेब जर्मनीच्या पाउल कोल्बाख यांनी 1953 मध्ये मांडला. जड बोअरच्या पाण्यात फिकट बिअर करायची, तर थोडे लॅक्टिक आम्ल लागतेच. त्यानंतरही पहिला वॉर्ट कमीच दाखवत असेल, तर मॅश अर्धा तास आणखी ठेवा.

पहिला वॉर्ट बरोबर आणि शेवटचा आकडा कमी, तर साखर चोथ्यात आहे. एक किलो माल्ट जवळजवळ एक लिटर वॉर्ट धरून ठेवतो, आणि नळाखाली अडकलेला निराळा. बॅच स्पार्जमध्ये दोन्ही वेळचा वॉर्ट साधारण समान निघेल असे पाणी वाटावे. सतत स्पार्जमध्ये पाणी एकाच वाटेने घसरते. चोथ्याचा वरचा थर सुरीने हलकेच कापून ती वाट मोडतात. बाहेर येणारा वॉर्ट 1.010 वर आला की नळ बंद. त्यापुढे पीएच चढतो आणि टरफलातला तुरटपणा उतरू लागतो.