काळ्या पाषाणात न सापडणारे परागकण

कोल्हापूरकराला आपल्या पायाखालच्या खडकाचं वय परागकणांवरून काढायचं असेल, तर पंचाईतच आहे. खाली बसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा. जिल्ह्याच्या दक्षिण भागात कलादगीचा वालुकाश्म डोकावतो. तो गाळाचाच खरा, पण जमिनीवर झाडं येण्याच्या कितीतरी आधीचा. पराग टिकतो तो गाळात. उसाला तुरा आला की उडणारी परागाची धूळ पंचगंगेच्या काठी, रंकाळ्याच्या तळाशी आजही साठतेच आहे.

परागकणांचं आणि बीजाणूंचं (नेच्यांसारख्या बिनफुलांच्या झाडांच्या सूक्ष्म कणांचं) बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं, आणि ते विलक्षण चिवट. खडकाचा चुरा हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की चुना जातो, हायड्रोफ्लोरिकमध्ये वाळू आणि चिकणमाती विरघळते. हे दुसरं आम्ल काचही खातं, म्हणून भांडी प्लास्टिकची. उरलेला गाळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा.

भारतात या कामाचं माहेर लखनौ. तिथं वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी यांच्या शिष्या चिन्ना विर्की यांनी १९३७ मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या गोंडवन खडकांतले (हे भूभाग एकाच खंडात जोडलेले असतानाचे) पंखवाले, म्हणजे हवापिशव्या असलेले परागकण वर्णिले. पुढे कोळशाच्या थरांना याचा मोठा उपयोग झाला. फार प्राचीन हिमयुगातल्या तालचिर थरांत सभोवार एकच हवापिशवी असलेले कण जास्त, तर वरच्या राणीगंज थरांत दोन पिशव्यांचे, अंगावर पट्टे असलेले. बोअरमधून निघालेला तुकडा कोणत्या थराचा, हे असं ओळखता येतं.

साहनींच्या दोन वादांची गोष्ट मात्र मला जास्त शिकवून जाते. आज पाकिस्तानात असलेल्या मिठाच्या डोंगररांगेतल्या मिठाच्या थरांत त्यांना वनस्पतींचे सूक्ष्म अवशेष मिळाले. हे मीठ कॅम्ब्रियन काळातलं, म्हणजे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचं, असं इतर काहींचं मत होतं. जमिनीवरची झाडं तेव्हा नव्हती, म्हणजे हे मीठ बऱ्याच नंतरच्या, साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीच्या इओसीन काळातलं, असा साहनींचा युक्तिवाद. १९४० च्या दशकात यावर मोठी भांडणं झाली. तर्क बिनचूक होता, पण अवशेष बाहेरून आत शिरलेले असावेत, असं पुढे मानलं गेलं. मीठ कॅम्ब्रियनच्या आसपासचंच ठरलं.

दुसरा वाद आपल्या काळ्या दगडाचा. लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्यांच्या गाळात सापडलेल्या वनस्पतींवरून साहनींनी दख्खनचा बसाल्ट इओसीनचा मानला. पुढे जबलपूरजवळच्या अशाच गाळात अॅक्विलापोलेनाइट्स हा क्रिटेशसच्या (इओसीनच्या आधीच्या, डायनोसॉरच्या काळाच्या) अखेरचा पराग मिळाला. किरणोत्सारी कालमापनानंही मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे ठरवले. साहनींचं १९४९ मध्ये, त्यांनी लखनौत स्थापलेल्या पुरावनस्पती संस्थेच्या इमारतीची पायाभरणी झाल्यावर आठवड्याभरातच, निधन झालं. दोन्ही निकाल त्यांच्या विरोधात गेले, तरी ते तपासण्याचं हत्यार रुजवलं त्यांनीच.

घाट उतरून कोकणात गेलं की परागकण पुन्हा कामाला येतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिरेखाणींतल्या जांभ्याखाली कुठे कुठे लिग्नाइटचा काळा थर लागतो. त्यातल्या परागकणांवरून तो मायोसीनचा, म्हणजे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या दरम्यानचा ठरतो. साहजिकच वरचा जांभा त्याहून नवा. पन्हाळ्याच्या जांभ्याखाली मात्र असा गाळ नाही, तिथं थेट बसाल्टच लागतो.