डेबियनमध्ये ऑडिओ सॉफ्टवेअरचं पॅकेज: अर्ज कुठे अडतो, काय तयार ठेवावं

एखादा सिंथ (सूर तयार करणारा प्रोग्राम) किंवा रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा प्लगइन) डेबियन या मुक्त लिनक्स प्रणालीच्या मुख्य संग्रहात यावा म्हणून लोक रात्री जागवतात. पॅकेज त्यांच्या संगणकावर उत्तम चालतं, तरीही परत येतं. बहुतेक वेळा कोड ठीकच असतो. अडतं ते परवान्यांपाशी.

अर्ज कोणीही करू शकतं, डेबियनचं सदस्यत्व लागत नाही. हे काम आधीच कोणी घेतलेलं नाही ना, ते पाहून ‘आयटीपी’ बग, म्हणजे ‘हे पॅकेज मी करणार’ अशी नोंद करायची, पॅकेज बांधायचं आणि अपलोडचा अधिकार असलेला स्पॉन्सर शोधायचा. ऑडिओसाठी थेट मल्टिमीडिया टीमकडे जा. जॅक (ऑडिओ जोडणी) आणि एलव्ही२ (प्लगइनचा मुक्त साचा) जाणणारी माणसं तिथे आहेत. त्यानंतर पॅकेज ‘न्यू’ या नव्या पॅकेजांच्या रांगेत लागतं आणि डेबियनची परवाने बघणारी टीम ते तपासते.

ही टीम मुख्य परवान्यावर थांबत नाही. सोर्समधल्या प्रत्येक फाइलचा मालक आणि परवाना ‘कॉपीराइट’ फाइलमध्ये नोंदलेला लागतो. ऑडिओ प्रकल्पांत इतरांच्या लायब्रऱ्या सर्रास आत कोंबलेल्या असतात, त्यामुळे ही यादी लांबते. कंटाळा आला तरी एकेक फाइल उघडून बघा.

सर्वांत जास्त बळी घेते व्हीएसटी२ या प्लगइन साच्याची हेडर फाइल (कोडमध्ये जोडायची व्याख्यांची फाइल). तो साचा बनवणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने ऑक्टोबर २०१८ पासून व्हीएसटी२ चे नवे परवाने देणं बंद केलं, आणि ती हेडर पुन्हा वाटायची मुभा नाही. “आम्ही ती कंपाइलच करत नाही” हे उत्तर चालत नाही. सोर्सच्या टारबॉलमध्ये (एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात) ती असणं हाच आक्षेप आहे. ती वगळून टारबॉल पुन्हा बांधावा लागतो. व्हीएसटी३ ची वाट आता मोकळी आहे: ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा विकास-संच एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली आला. ज्यूस ही प्लगइन बांधायची लायब्ररी वापरत असाल तर आवृत्ती तपासा. ज्यूस ८ एजीपीएल ३ या मुक्त परवान्याखाली आहे; तुमचा प्लगइन ‘फक्त जीपीएल २’ असेल तर दोन्ही एकत्र वाटता येत नाहीत.

दुसरी अडचण सॅम्पलची, म्हणजे सोबत दिलेल्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांची. ड्रम किटच्या पानावर ‘मोफत’ लिहिलंय म्हणून ते मुक्त होत नाही. ‘व्यावसायिक वापर नको’ अशी अट असेल तर मुख्य संग्रहाचं दार बंद. लेखकाने मेलवर “डेबियनने खुशाल वापरावं” असं लिहून दिलं तरी उपयोग नाही, कारण परवाना फक्त डेबियनपुरता असून चालत नाही. खरा कागद हवा तो सर्वांना लागू होणारा परवाना, लेखकाने स्वतः रिपॉझिटरीत टाकलेला. अनेकदा लेखकाचा पत्ताच बंद झालेला असतो. तेव्हा किट काढून टाका. ते नसलं तरी सिंथ लोकांपर्यंत पोहोचेल.

फाउस्ट या ऑडिओच्या भाषेत लिहिलेल्या प्लगइनचा नुसता तयार झालेला सी++ कोड देऊ नका. मूळ ‘डीएसपी’ फाइल लागतेच. वॅफ या बिल्ड साधनाने बांधला जाणारा प्रकल्प असेल तर त्या स्क्रिप्टमधला दाबून भरलेला भाग सुटा करून द्यावा लागतो, कारण तो वाचता येण्याजोगा सोर्स धरला जात नाही. बिल्ड फाइलमधला ‘मार्च-नेटिव्ह’ फ्लॅगही (फक्त बांधणाऱ्याच्याच प्रोसेसरसाठी कोड बनवणारी सूचना) काढा. नाहीतर तुमच्या नव्या प्रोसेसरवर बांधलेला प्लगइन कुणाच्या जुन्या लॅपटॉपवर उघडताक्षणी कोसळेल.

रांगेत किती दिवस जातील ते कोणी सांगत नाही. तपासणारे स्वयंसेवक आहेत, त्यांचा कामाचा भार खरा आहे. पण नव्या माणसाला तारखेचा अंदाजही न देता ताटकळत ठेवणं मला पटत नाही.

म्हणून फ्रीझची, म्हणजे नव्या आवृत्तीआधी बदल थांबवण्याची, तारीख नीट वाचा. डेबियन १३ साठी सॉफ्ट फ्रीझ १५ एप्रिल २०२५ ला लागला. अनेकांनी ती अपलोडची शेवटची तारीख समजली. प्रत्यक्षात त्या दिवसापर्यंत नवं पॅकेज ‘टेस्टिंग’मध्ये (पुढची आवृत्ती जिथे तयार होते त्या विभागात) पोहोचलेलं असायला हवं होतं. मंजूर पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ विभागात येतं; तिथून टेस्टिंगमध्ये जायला साधारण ५ दिवस तरी लागतात, आणि न्यू रांगेतला वेळ त्याच्या आधीचा. शिवाय न्यूमध्ये पहिल्यांदा बायनरीसकट (बांधून तयार झालेल्या फाइलींसकट) अपलोड करावं लागतं, पण मेंटेनरने (पॅकेज सांभाळणाऱ्याने) स्वतः बांधलेली बायनरी २०१९ पासून टेस्टिंगमध्ये जात नाही. मंजुरीची मेल आली की काम संपलं असं समजून लोक निवांत होतात आणि पॅकेज अनस्टेबलमध्येच अडकून राहतं. मेल आली की लगेच आवृत्तीचा आकडा वाढवून फक्त सोर्सचा दुसरा अपलोड करा, आणि तो करून द्यायला स्पॉन्सरला आधीच सांगून ठेवा.