व्हॅनिव्हर बुश

व्हॅनिव्हर बुश (११ मार्च १८९० ते २८ जून १९७४) हे अमेरिकेचे इलेक्ट्रिकल इंजिनियर. पैसा सरकारनी द्यायचा पण संशोधन युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी त्यांच्या पद्धतीनी करायचं, ही जी घडी अमेरिकेत बसली ती बसवण्यात सगळ्यात मोठा वाटा यांचा. (राष्ट्राध्यक्ष झालेल्या बुश घराण्याशी काही नातं नाही.)

जन्म मॅसॅच्युसेट्समधल्या एव्हरेटचा, वडील धर्मोपदेशक. १९१६ ला डॉक्टरेट, १९१९ पासून एमआयटी या इंजिनियरिंगच्या नामांकित युनिव्हर्सिटीत. १९२२ मधे दोघा जणांबरोबर काढलेली कंपनी पुढे रेथिऑन ही मोठी संरक्षण कंपनी झाली. १९३१ पर्यंत त्यांनी डिफरेन्शियल अ‍ॅनलायझर उभा केला, खोलीभर पसरलेले दांडे, गिअर, फिरत्या चकत्या, आणि हातानी सुटता सुटत नाहीत अशी समीकरणं ते यंत्र सोडवायचं. माहितीशास्त्राचा (इन्फर्मेशन थिअरी) पाया घालणारा क्लॉड शॅनन विद्यार्थी असताना याच यंत्रावर काम करायचा.

पण त्यांच्या धोरणाचं मूळ मला त्याही आधी दिसतं. पहिल्या महायुद्धात त्यांनी पाणबुडी शोधायचं चुंबकीय उपकरण बनवलं होतं, ते लाकडी बोटीवर नीट चालायचं, नौदलानी ते लोखंडी जहाजांवर बसवायचा हट्ट धरला आणि तिथे ते चाललंच नाही. ज्यानी वस्तू बनवली त्याला विचारायचंच नाही, याचा काय परिणाम होतो हे त्यांनी तेव्हाच बघितलं.

१९३९ ला ते वॉशिंग्टनच्या कार्नेगी इन्स्टिट्यूशन या संशोधन संस्थेचे अध्यक्ष झाले, म्हणजे सत्तेच्या दारातच. फ्रान्स कोसळत होता तेव्हा, १२ जून १९४० ला, ते युद्धासाठीच्या संशोधनाची, एका कागदावर मावेल एवढी योजना घेऊन राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना भेटले आणि पंधरा मिनिटांच्या आत त्यावर ओके पडलं. आधी संरक्षण संशोधन समिती, मग १९४१ मधे तिच्यावरचं मोठं ऑफिस, दोन्हीचे प्रमुख बुशच. इथे त्यांनी जे केलं ते खरं डोकं: सगळ्यांना लष्करी गणवेश चढवून सरकारी लॅबमधे बसवण्याऐवजी थेट युनिव्हर्सिटी आणि कंपन्यांना काँट्रॅक्ट दिली, संस्थेचा इमारत-वीज-ऑफिसचा वरचा खर्च (ओव्हरहेड) पण भरून दिला. एमआयटीची रडारची लॅब जवळपास ४,००० माणसांपर्यंत वाढली, लक्ष्याजवळ पोचल्यावर रेडिओ लहरींनी आपोआप फुटणारा फ्यूज आला, पेनिसिलिनचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालं. आणि अणुबॉम्बचं काम सुरुवातीला यांच्याच देखरेखीखाली होतं, १९४२ मधे ते लष्कराकडे गेलं, ही जबाबदारी पण त्यांच्या नावावर मोजलीच पाहिजे.

शांतताकाळात संशोधनाच्या या व्यवस्थेचं काय करायचं, असं रूझवेल्टनी नोव्हेंबर १९४४ मधे पत्रानी विचारलं. उत्तराचा अहवाल जुलै १९४५ ला गेला तोवर ट्रूमन राष्ट्राध्यक्ष झाले होते. त्याच महिन्यात बुश यांचा मेमेक्सवरचा लेख पण छापून आला, कागदपत्रं एकमेकांना जोडून ठेवणारं कल्पनेतलं टेबल, आजच्या लिंकची कल्पना सांगताना लोक तिथूनच सुरुवात करतात. अहवालाचा गाभा हा की मूलभूत संशोधन तात्काळ फायदा न बघता पोसायचं, निवड शास्त्रज्ञांनी गुणवत्तेवर करायची, आणि यासाठी एक नवी सरकारी संस्था काढायची. सिनेटर हार्ली किल्गोर यांचं म्हणणं वेगळं होतं, पैसा सगळ्या राज्यांना मिळावा, पेटंट जनतेची असावीत, संस्था सरकारला जबाबदार असावी, आणि त्यांचा मुद्दा हलका अजिबात नव्हता कारण पैसा शेवटी लोकांचाच. प्रमुखाची नेमणूक राष्ट्राध्यक्षांच्या हातात नाही म्हणून ट्रूमननी १९४७ मधे या संस्थेच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला.

शेवटी ही संस्था, म्हणजे नॅशनल सायन्स फाउंडेशन, तिचा कायदा झाला १० मे १९५० ला, प्रमुख राष्ट्राध्यक्षांनी नेमायचा आणि सोबत शास्त्रज्ञांचं मंडळ, अशी तडजोड करून. या पाच वर्षांत अणुऊर्जेला वेगळा आयोग मिळाला होता, नौदलानी स्वतःचं संशोधन ऑफिस काढलं होतं, वैद्यकीय संशोधन दुसरीकडे वाढत होतं. अहवालात पहिल्या वर्षासाठी ३ कोटी ३५ लाख डॉलर मागितले होते, नव्या संस्थेला सुरुवातीला मिळाले २ लाख २५ हजार.