झाडाचा मेटाबोलाइट आणि यकृताचा मेटाबोलाइट

महाबळेश्वर, कोयनेच्या जंगलात नरक्याचं पान चुरगाळून नाकाशी धरलं की असा भपकारा येतो, की हे नाव का पडलं ते कुणाला विचारावं लागत नाही. याच झाडाच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असतं आणि कॅम्प्टोथेसिनपासून इरिनोटेकान हे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचं औषध तयार करतात. एवढं वाचलं की पुढची ओळ लोक स्वतःच जोडतात: मग नरक्याचा काढा घेतला तर तेच औषध पोटात जाईल ना? मावशीला इरिनोटेकान चालू होतं तेव्हा हा प्रश्न मला तीन जणांनी विचारला. एकाने मोबाइलवर मजकूरही दाखवला, ‘झाडातला घटक मेटाबोलाइट आणि शरीरात काम करतो तोही मेटाबोलाइटच’. वाक्य खरं होतं, त्यातून त्याने काढलेला अर्थ मात्र घातक होता.

चयापचय म्हणजे जिवंत पेशीत चालणारी रासायनिक घडामोड. तिच्यातून जे रेणू बनतात ते मेटाबोलाइट. व्याख्या इतकी रुंद असल्यामुळे झाडाने स्वतःसाठी बनवलेलं रसायनही तिच्यात बसतं आणि आपण गिळलेल्या गोळीची यकृताने केलेली मोडतोडही.

झाडाचं आधी बघू. साखर, अमिनो आम्लं यांच्यावाचून कोणतीच पेशी जगत नाही, ते प्राथमिक मेटाबोलाइट. कॅम्प्टोथेसिन दुय्यम. हा ‘दुय्यम’ शब्द मला नेहमी खटकतो, कारण दर्जा कमी असल्यासारखं वाटतं. खरं तर पळून जाता न येणाऱ्या झाडाची ती हत्यारं आहेत. पेशीत डीएनए हा पिळलेल्या सुतळीसारखा असतो. पीळ सैल करायला टोपोआयसोमरेज-१ हे एन्झाइम एक पदर कापतं, वळसा सोडवतं आणि पदर पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या जागी अडकून बसतं, जोडणी होऊ देत नाही आणि विभागायला निघालेली पेशी मरते. मग झाड स्वतः कसं वाचतं? कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या चिनी झाडाच्या टोपोआयसोमरेजमध्ये एक अमिनो आम्ल बदललेलं सापडलं. या औषधाला दाद न देणाऱ्या माणसाच्या कॅन्सरपेशींतही हुबेहूब तोच बदल आढळला आहे.

त्या चिनी झाडातून १९६६ मध्ये हा रेणू वेगळा काढला तो अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी आपल्या नंदुरबारचे. टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं दुसरं झाडजन्य औषधही याच जोडीचं. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तो नरक्यात मिळाला आणि सह्याद्रीतल्या या झाडावर कुऱ्हाड पडू लागली. किलोभर सुक्या लाकडातून जेमतेम काही ग्रॅम माल निघतो, म्हणून झाडं मुळासकट काढली जातात. हे लिहितानाही जीव तुटतो.

आता यकृत. इरिनोटेकान झाडात नसतं. कॅम्प्टोथेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून प्रयोगशाळेत त्याला नवे गट जोडून ते घडवलं. अमेरिकेत १९९६ मध्ये मंजुरी मिळाली. शिरेतून दिलेलं इरिनोटेकान स्वतः फारसं काही करत नाही. शरीरातली, विशेषतः यकृतातली एन्झाइमं त्याचा एक तुकडा कापतात आणि एसएन-३८ मोकळं होतं. पेशींवरच्या प्रयोगांत ते मूळ औषधापेक्षा शंभर ते हजार पट जोरदार ठरलं आहे. कॅन्सरपेशी मारण्याचं मुख्य काम हा मेटाबोलाइट करतो.

यकृताचा हेतू मात्र औषध बनवण्याचा नसतो, परका माल बाहेर काढण्याचा असतो. म्हणून यूजीटी१ए१ नावाचं एन्झाइम एसएन-३८ला साखरेचा एक रेणू चिकटवून त्याला निष्प्रभ करतं आणि पित्तावाटे आतड्यात पाठवतं. तिथले जिवाणू ती साखर तोडतात, एसएन-३८ पुन्हा जागं होतं आणि आतड्याचं अस्तर सोलून काढतं. केमोनंतर काही दिवसांनी लागणारे जुलाब बरेचसे यातले. हेच यूजीटी१ए१ बिलिरुबिन हे कावीळीत वाढणारं पिवळं द्रव्यही निकामी करतं. उपास घडला की ज्यांचे डोळे पिवळसर दिसतात, अशा जिल्बर्ट नावाचा आनुवंशिक दोष असलेल्यांत ते जन्मतःच मंद असतं. त्यांच्या अंगात एसएन-३८ साचतं, पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात, म्हणून सुरुवातीचा डोस कमी ठेवण्याचा विचार करावा लागतो. घरात कुणाला जिल्बर्ट असेल तर केमोच्या आधी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

म्हणजे झाडाचा मेटाबोलाइट ठरतो झाडाच्या गरजेवर आणि औषधाचा मेटाबोलाइट ठरतो गोळी घेणाऱ्याच्या एन्झाइमांवर. कधी दोन्ही रेणू एकच निघतात, तेव्हा गोंधळ वाढतो. अफूच्या बोंडात कोडीनपासून मॉर्फिन बनतं, आणि कोडीनची गोळी घेतली की आपल्या यकृतातही सीवायपी२डी६ हे एन्झाइम कोडीनपासून मॉर्फिनच बनवतं. रेणूत काडीचा फरक नाही. पण काही जणांत हे एन्झाइम फार तेज असतं. नेहमीच्या डोसातूनही इतकं मॉर्फिन तयार होतं की मुलांचे श्वास थांबले आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊ नये असं ठरवलं ते याचमुळे.

नरक्याच्या बाबतीत मात्र दोन्ही रेणू एक नाहीत. एसएन-३८ मधला एक कार्बनी गट प्रयोगशाळेत जोडलेला असतो. कॅम्प्टोथेसिनला तो गट चिकटवण्याची सोय आपल्या यकृतात नाही, त्यामुळे काढा कितीही प्याला तरी पोटात एसएन-३८ तयार होणार नाही. पोटात जाईल ते कॅम्प्टोथेसिन, तेही किती ते न मोजलेलं. त्याचंच पाण्यात विरघळणारं सोडियमयुक्त रूप १९७० च्या सुमारास रुग्णांना देऊन पाहिलं होतं. मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं, पांढऱ्या पेशी खाली आल्या, गुण फारसा दिसला नाही आणि त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. मावशीच्या उशाशी आलेली सालीची पुडी मी त्याच दिवशी परत केली.