‘त्यात एवढं काय आहे?’ : पुण्यातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

जानेवारीत ‘पिफ’ (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) संपला की पुण्यात दोन-तीन आठवडे एकच विषय चालतो. अमुक सिनेमा उगाच डोक्यावर घेतलाय, तमुक दिग्दर्शकाला लोक कारण नसताना थोर म्हणतात, आणि बक्षीस मिळालं म्हणून काय झालं, सिनेमा कंटाळवाणाच आहे. ‘ओव्हररेटेड’ हा शब्द या गप्पांत चहाच्या कपाइतक्या वेळा फिरतो. बाहेरच्यांना ही पुणेरी खोड वाटते, आणि थोडीफार ती आहेही. पण गाजलेल्या सिनेमाची फेरतपासणी करण्याची सवय या शहराला लागली त्याला स्वभावापेक्षा मोठं कारण आहे. सिनेमा ‘वाजवीपेक्षा जास्त’ गाजलाय असं ठरवायचं तर तो पुन्हा बघता आला पाहिजे. आणि जुना सिनेमा पुन्हा बघण्याची सोय देशातल्या बहुतेक गावांआधी पुण्यात झाली.

तशी सोय नव्हती तेव्हा काय व्हायचं, याचं चांगलं उदाहरण बाबुराव पेंटर यांचा १९२५चा मूकपट ‘सावकारी पाश’. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा. कर्जापायी जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची ही गोष्ट, आणि त्यात तरुण व्ही. शांताराम होते. भारतीय सिनेमातला वास्तववाद इथून सुरू झाला असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. असेलही. पण तो मूकपट आज उपलब्ध नाही. ज्यांनी तेव्हा पाहिला त्यांचं कौतुक तेवढं उरलं आहे, त्यामुळे ‘सावकारी पाश’ला कुणी ओव्हररेटेड म्हणत नाही. म्हणणार कशाच्या आधारावर? हरवलेल्या सिनेमाची कीर्ती कायम शाबूत राहते.

प्रभातचं नेमकं उलटं झालं. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. १९३६च्या ‘संत तुकाराम’ला पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात परीक्षकांची विशेष दाद मिळाली, आणि मराठी माणसाच्या हाती कायमचं एक प्रमाणपत्र आलं. व्हेनिसचं नाव काढलं की पुढची चर्चा बंद. पण चित्रपट शिल्लक होता, दाखवला जात होता, म्हणून कालांतराने चर्चा उघडलीच. भाबडा भक्तिपट आहे, चमत्कार आहेत, शेवटी विमान येतं, यात जागतिक दर्जाचं काय, असं म्हणणाऱ्यांची एक फळी तयार झाली. तिचा कल शांतारामांच्या ‘कुंकू’ आणि ‘माणूस’कडे. ते सामाजिक, म्हणून ते खरे. माझं मत विचाराल तर ‘कुंकू’ आज पाहताना त्यातला हेतू आधी दिसतो, तर ‘तुकाराम’मधली आवली म्हशीशी बोलते ते पाहताना असलं काही आठवतसुद्धा नाही. पण हे मत मला मांडता येतं ते दोन्ही चित्रपट बघता येतात म्हणूनच.

प्रभात बंद पडल्यावर त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली, आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. या दोन संस्था एकमेकींच्या शेजारी असणं हा योगायोग पुढे फार महाग पडला, चांगल्या अर्थाने. संग्रहालय उभं केलं पी. के. नायर यांनी. जिथून मिळेल तिथून रिळं आणायची, आणि आणलेली दाखवायची. अंधारात बॅटरीच्या उजेडात टिपणं काढत बसलेले नायर हे इन्स्टिट्यूटच्या कित्येक पिढ्यांच्या आठवणीत आहेत. शेजारी वर्गात सतीश बहादूर चित्रपट-रसास्वाद शिकवत. ‘पथेर पांचाली’ त्यांनी शॉटमागून शॉट उलगडून शिकवला. नुसतं ‘छान आहे’ म्हणून चालायचं नाही. छान आहे तर कुठे आहे, कॅमेरा कुठे ठेवलाय, आवाज कधी सुरू होतो, ते दाखवा. उन्हाळ्यातल्या रसास्वाद वर्गांमुळे ही शिस्त इन्स्टिट्यूटच्या फाटकाबाहेर गेली. प्राध्यापक, पत्रकार, बँकेतले कर्मचारी, शाळेतल्या बाई असे सगळे तिथे बसून आले.

या शिस्तीचा एक परिणाम शिकवणाऱ्यांच्या मनातही नसावा. शॉट मोजायला शिकलेला माणूस स्तुती मोजायलाही शिकतो.

आणि पहिला वार झाला तो थेट गाभाऱ्यातल्या देवावर. ‘पथेर पांचाली’ला १९५६ मध्ये कानमध्ये पारितोषिक मिळालं तेव्हापासून सत्यजित राय हे भारतीय सिनेमाचं जगातलं नाव. १९६०च्या दशकाच्या मध्याला ऋत्विक घटक काही काळ पुण्यात शिकवायला होते, उपप्राचार्यही होते. मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. घटकांचे चित्रपट तेव्हा फारसे चाललेले नव्हते, बाहेरच्या देशांत त्यांचं नाव नव्हतं. मग इन्स्टिट्यूटच्या लॉ कॉलेज रस्त्याच्या परिसरात एक भूमिका रुजली, ती अजून गेलेली नाही: राय गाजले ते परदेशाने गाजवले म्हणून, खरा मोठा माणूस घटक. एकाला वर काढायचं तर दुसऱ्याला खाली ओढायचं, हा हिशोब मला कधी पटला नाही. घटकांचा ‘मेघे ढाका तारा’ मोठा आहे हे सांगायला ‘पथेर पांचाली’तल्या अपूला कमी लेखायची गरज काय? पण ओव्हररेटेड म्हटलेल्या प्रत्येक नावामागे दुर्लक्षित राहिलेलं एक नाव उभं असतं, आणि बोलणाऱ्याचा सगळा जोर खरं तर त्या दुसऱ्या नावावर असतो, हे इथे पहिल्यांदा लख्ख दिसलं.

गंमत म्हणजे राय स्वतः या खेळात कच्चे नव्हते. मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’ला १९६९चं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, नव्या सिनेमाची पहाट झाली असं सगळीकडे छापून आलं. १९७१ मध्ये रायनी भारतीय नवसिनेमावर लेख लिहिला आणि अख्खा ‘भुवन शोम’ सात इंग्रजी शब्दांत गुंडाळून ठेवला: बड्या साहेबाला खेड्यातली पोर सुधारते, एवढंच. १९७४ मध्ये पुन्हा लिहिलं, तेव्हा शहानींचा ‘मायादर्पण’ आणि कौल यांचा ‘दुविधा’ त्यांच्या तावडीत सापडले. म्हणजे पुण्यातली पोरं ज्यांना वाजवीपेक्षा मोठं म्हणत होती, त्यांनीच या पोरांच्या कौतुकावर बोट ठेवलं. ‘भुवन शोम’, कौल यांचा ‘उसकी रोटी’ आणि ‘मायादर्पण’ या तिन्हींचे छायालेखक एकच, के. के. महाजन, तेही पुण्यातच शिकलेले. त्यांच्या कामावर मात्र कुठल्याच बाजूने फारसा आक्षेप नव्हता.

रायवरचा दुसरा हल्ला वेगळ्या दिशेने आला. १९८० मध्ये राज्यसभेवर आलेल्या नर्गिस यांनी, राय भारताची गरिबी परदेशात नेऊन दाखवतात, असं जाहीरपणे म्हटलं. हा आक्षेप सिनेमावर नव्हताच. टाळ्या कुणी वाजवल्या आणि का वाजवल्या, यावर होता. तेव्हापासून ‘महोत्सवासाठी काढलेला सिनेमा’ ही शिवी मराठीतही स्थिर झाली.

बाहेर जगात हेच चाललं होतं, जरा मोठ्या आवाजात. पॅरिसमध्ये १९५४ साली पुढे दिग्दर्शक झालेल्या तरुण फ्रान्स्वा त्रुफोने स्वतःच्या देशातल्या प्रतिष्ठित, साहित्यिक सिनेमावर तुटून पडणारा लेख लिहिला. अमेरिकेत समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनी १९६८च्या पुस्तकात दिग्दर्शकांच्या प्रतवाऱ्याच लावल्या. ‘दिसतं त्यापेक्षा कमी’ अशा अर्थाच्या कप्प्यात त्यांनी बिली वाइल्डर, डेव्हिड लीन, जॉन ह्यूस्टन अशा दिग्गजांना बसवलं. वाइल्डरच्या बाबतीत पुढे त्यांनी मत बदललं. वुडी ॲलनच्या १९७९च्या ‘मॅनहॅटन’मध्ये तर दोन पात्रं गंमत म्हणून ‘ओव्हररेटेड लोकांची अकादमी’ काढतात आणि महान माणसं एकेक करून तीत भरती करतात. ते पाहून आपल्याकडच्या अनेक मैफली आठवतात.

मग याद्या. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांकडून सर्वोत्तम चित्रपटांची नावं मागवतं. पहिल्या यादीत अव्वल होता ‘बायसिकल थीव्ह्ज’, जेमतेम चार वर्षांपूर्वीचा. ‘सिटिझन केन’ पहिल्या दहातही नव्हता. तोच १९६२ पासून २००२ पर्यंत पाच वेळा पहिला आला. २०१२ मध्ये हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ने त्याला खाली ओढलं, आणि २०२२ मध्ये शांताल आकरमनचा ‘जान दिलमान’ वर गेला. सव्वातीन तासांहून लांब, एका विधवेच्या घरकामाचा चित्रपट. निकाल लागला त्या आठवड्यात पुण्यातही भांडणं झाली. बटाटे सोलताना बघायचं का, असं विचारणाऱ्यांतल्या कितीजणांनी तो पाहिला होता ते सोडून देऊ. मात्र २०१२ मध्ये ८४६ समीक्षकांनी मत दिलं होतं आणि २०२२ मध्ये सोळाशेहून जास्त, हे लक्षात घेतलं पाहिजे. सिनेमे तेच, मत देणारे बदलले. ‘पथेर पांचाली’ त्या यादीत पस्तिसावा आहे. त्यावरूनही दोन गट पडले: एवढा खाली का, आणि अजून आहेच का.

सभासदांना निवडक सिनेमे दाखवणाऱ्या फिल्म सोसायट्यांचा काळ थोडक्यात सांगतो. देशभरातल्या सोसायट्यांचा महासंघ १९५९चा. परदेशी वकिलातींकडून प्रिंट येत, संग्रहालयाकडून येत, आणि सोसायटीच्या खेळांना सेन्सॉरची सवलत असे. त्या सवलतीसाठीच सभासद झालेले बरेच होते, हे कुणी लपवत नाही. पण मनात काही असो, खेळ सुटल्यावर बाहेर येऊन काहीतरी गंभीर बोलणं भाग असे. ‘झोप आली’ असं म्हणायला धाडस लागे. ज्याने ते पहिल्यांदा म्हटलं तो माणूस मला भेटायला आवडेल. पुढे दूरदर्शनने रविवारी दुपारी इतर भाषांतले पुरस्कारविजेते चित्रपट घराघरांत आणले आणि ही भीड मोडली. जेवून लवंडलेल्या माणसाला बैलगाडी पाच मिनिटं क्षितिजाकडे जाताना दिसली की तो जे बोलायचं ते बोलतोच.

मराठी सिनेमाचं प्रकरण याहून नाजूक. अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आणि त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं सर्वोत्तम चित्रपटाचा तो मान मराठीकडे आला नाही. आला तो २००४ मध्ये, ‘श्वास’मुळे. मग ऑस्करसाठी पाठवणी झाली, प्रचाराला पैसे कमी पडले तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. ज्या सिनेमासाठी शाळेतल्या मुलांनी पैसे दिलेत त्याच्याविषयी ‘बरा आहे, पण एवढा?’ असं म्हणणं म्हणजे फितुरी. ‘श्वास’ हा साधा, नेटका, संयमाने केलेला चित्रपट आहे. त्याच्यावर एका भाषेच्या अर्धशतकाचं ओझं ठेवलं गेलं यात त्याचा दोष नाही, पण ते ओझं काढून तो बघणं अजूनही जमत नाही.

चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’चं वेगळं झालं. व्हेनिसहून पारितोषिकं घेऊन आला, राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि हलत नसलेल्या कॅमेऱ्यावर लोक वैतागले. ‘सैराट’ने २०१६ मध्ये मामलाच उलटा केला. इथे डोक्यावर घेणारे समीक्षक नव्हते, तिकीट काढणारे होते, आणि थिएटरात नाचणारे. तेव्हा पुण्यातल्या काही सुशिक्षित मंडळींना अचानक ‘फँड्री’ जास्त चांगला वाटू लागला. त्यात काहींचं मत प्रामाणिक होतं. ‘फँड्री’चा शेवटचा दगड खरोखर विसरता येत नाही. पण २०१४ मध्ये ‘फँड्री’ला गर्दी करायला यातले किती गेले होते? ‘सैराट’ला ओव्हररेटेड म्हणणारा माणूस कुठल्या पेठेत वाढला आणि कुठल्या रांगेत बसला होता, हे विचारल्याशिवाय तो वाद पुरा होत नाही. जात हा त्या सिनेमाचा विषय होता आणि त्याविषयीच्या वादाचाही.

आता मत द्यायला सोसायटीचं सभासद व्हावं लागत नाही, तारे दिले की झालं. ‘शॉशँक रिडेम्प्शन’ १९९४ मध्ये तिकीटबारीवर पडला, सात ऑस्कर नामांकनांतून एकही मिळालं नाही, आणि २००८ पासून तो आयएमडीबी या सिनेमाच्या संकेतस्थळावरच्या प्रेक्षकयादीत पहिला आहे. त्याला समीक्षकांनी चढवलं नाही, सरकारने नाही, महोत्सवानेही नाही. टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागला, एवढंच. आपल्याकडे ‘कागज के फूल’ १९५९ मध्ये आपटला. गुरुदत्तांनी त्यानंतर दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव लावलं नाही. १९४४ मध्ये प्रभातमध्ये नोकरीला आलेला हा माणूस पुढे संग्रहालयातल्या प्रिंटांतून, वर्गांतून नव्याने वाचला गेला. इन्स्टिट्यूटमध्येच शिकलेल्या अरुण खोपकरांनी त्याच्यावर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं. आज पोरं विचारतात, इतका स्वतःची कीव करणारा सिनेमा थोर कसा? प्रश्न रास्त आहे. साठ वर्षांपूर्वी तो विचारायची वेळच आली नसती, कारण थोर म्हणणारं कुणी नव्हतं.

२००३च्या जानेवारीत इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि संग्रहालयाच्या जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म जळाल्या. प्रभातचा अमूल्य ऐवज त्यात गेला. दुसऱ्या फिल्मवर नकला होत्या म्हणून आपण अजून ‘तुकाराम’वर भांडतो. जिथे नकला नव्हत्या तिथे वाद संपले.

आणि जिथे रिळं नव्याने सापडतात तिथे ते पुन्हा सुरू होतात. ‘शोले’ १९७५च्या १५ ऑगस्टला लागला तेव्हा पहिली परीक्षणं वाईट होती, आणि त्या वर्षीच्या चित्रपटांसाठीच्या फिल्मफेअरमध्ये त्याला एकच पारितोषिक मिळालं, संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. आणीबाणीत सेन्सॉरने शेवट बदलायला लावला होता; ठाकूर गब्बरला मारतो तो मूळ शेवट जोडून, दुरुस्त केलेली प्रत २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. तेव्हापासून कट्ट्यावर नवा उपवाद निघाला आहे. पन्नास वर्षं आपण ज्याला डोक्यावर घेतलं तो पोलिसांनी मध्ये पडून थांबवलेला ‘शोले’, की हा?