निळ्या ठिपक्यांखालची माती

पोलंडमधल्या बोलेस्वावियेत्स गावाचा वाडगा हातात घेतला की नजर आधी त्यावरच्या गर्द निळ्या ठिपक्यांवर जाते. मुरलेला संग्राहक मात्र तो वाडगा प्रथम उलटा करतो. भांडे जेथे टेकते तेथे झिलई न लावता सोडलेले एक अरुंद कडे असते आणि त्यावर बोट फिरवले की दगडासारखी घट्ट, किंचित खरखरीत माती जाणवते. भट्टीत झिलई वितळून काच होते. बुडालाही ती राहिली तर भांडे भट्टीतल्या फळीलाच चिकटून बसेल, म्हणून तेवढा भाग पुसून कोरा ठेवावा लागतो. ही भांडी जमवू पाहणाऱ्याने नक्षींची नावे पाठ करण्याआधी हे कडे वाचायला शिकावे, असे मला मनापासून वाटते, कारण वरच्या नक्षीचा रंग, तिची मर्यादा आणि तिचे टिकणे हे सारे या मातीने आणि तिला लागणाऱ्या आचेने ठरवलेले आहे.

पोलंडच्या नैर्ऋत्येला, लोअर सायलेशिया प्रांतात, बुबर नदीकाठी हे गाव वसले आहे. १९४५ पूर्वी ते जर्मनीत होते आणि त्याचे नाव बुन्त्सलाऊ होते. आसपासच्या जमिनीत मिळणारी चिकणमाती फार मोठी उष्णता सोसते, हे येथील कुंभारांनी शतकांपूर्वी ओळखले. साधे मडके ९०० ते १००० अंश सेल्सिअसच्या आत भाजले जाते आणि सच्छिद्र राहते. म्हणून तर माठातले पाणी झिरपते आणि गार होते. बोलेस्वावियेत्सचे भांडे साधारण १२५० अंशांपर्यंत तापवतात. वाटेत सुमारे ५५० अंशांच्या आसपास मातीच्या स्फटिकात बांधलेले पाणी निघून जाते, पुढे ११०० अंशांच्या वर म्युलाइट या खनिजाचे सुईसारखे स्फटिक वाढू लागतात, आणि मातीतले फेल्डस्पार हे खनिज वितळून कणांमधल्या फटींत शिरतो. थंड होताना हा द्रव काचेच्या रूपात गोठतो. म्हणजे भांड्याच्या भिंतीत काचेने सांधलेली स्फटिकांची गुंफण तयार होते आणि पाण्याला आत शिरायला वाट जवळजवळ उरत नाही. फटी मिटल्यामुळे भांडे आकसते, साधारण दहा टक्क्यांनी, आणि कुंभाराला चाकावर असतानाच तेवढे मोठे घडवावे लागते. या प्रकाराला स्टोनवेअर म्हणतात. आपल्याकडची तपकिरी-पांढरी लोणच्याची बरणी याच कुळातली आहे. मीठ, तेल आणि कैरीची आंबटी तिच्यात वर्षभर राहूनही भिंतीत मुरत नाही, ते याच कारणाने.

जुनी बुन्त्सलाऊची भांडी मात्र निळी नव्हती, तपकिरी होती. त्यांची झिलई हीदेखील मातीच होती, फक्त लोह अधिक असलेली आणि कमी तापमानाला वितळणारी. एकाच भट्टीत एक माती आकार धरून उभी राहते आणि तिच्यावर चढवलेली दुसरी माती वितळून चकचकीत तपकिरी काच होते, ही युक्ती मला या साऱ्या परंपरेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. १७५३ मध्ये योहान गॉटलीब योप्पे या कुंभाराने दोन मीटरहून उंच एक भांडे घडवले. गावाची ती खूण दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नष्ट झाली. १९व्या शतकात येथील कुंभार योहान गॉटलीब आल्टमान यांनी फेल्डस्पारयुक्त, शिसेविरहित पांढरी झिलई वापरात आणली. शिशाची झिलई कमी आचेवर वितळते म्हणून सोयीची असते, पण आंबट पदार्थाच्या संगतीत शिसे अन्नात उतरू शकते. १२५० अंशांची आच हाताशी असेल तर शिशाची गरजच राहत नाही. १८९७ मध्ये येथे मृत्तिकाकामाची शाळा निघाली आणि विल्हेल्म पुकाल या रसायनशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली झिलई व रंगांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर नक्षी काढायची तर रंग कोणता? बोलेस्वावियेत्समध्ये नक्षी झिलईच्या खाली असते: भांडे एकदा हलके भाजायचे, त्यावर रंगाचे ठसे उमटवायचे, मग सगळे भांडे झिलईत बुडवून पुन्हा पूर्ण आच द्यायची. ही आच बहुतेक रंगांना सोसत नाही. वनस्पतिज रंग जळून जातात, लोहाचा गेरूसारखा लाल रंग तपकिरीकडे झुकतो, कॅडमियमवर आधारलेले झळझळीत लाल आणि केशरी रंग विघटित होतात. आज ते दिसतात ते झिर्कॉन या उष्णता सोसणाऱ्या खनिजाच्या कवचात बंद केलेल्या कणांमुळे. उरतात क्रोमियमचा हिरवा, लोह-मँगनीजचे तपकिरी आणि सर्वांत भरवशाचा कोबाल्टचा निळा. कोबाल्टचे ऑक्साइड स्वतः काळे असते. झिलईच्या काचेत विरघळल्यावर कोबाल्टच्या आयनाभोवती ऑक्सिजनचे चार अणू येतात आणि या मांडणीत तो आयन पिवळा, नारिंगी व तांबडा प्रकाश इतक्या जोराने शोषतो की काचेत एक टक्का किंवा त्याहूनही कमी कोबाल्ट गर्द निळ्यासाठी पुरतो. भिंगातून पाहिले तर ठिपक्याच्या कडेला निळ्याची मऊ, पसरट झालर दिसते. कोबाल्ट झिलईला अधिक पातळ करतो आणि तिच्यात थोडा वाहतो, त्यामुळे ती झालर उमटते. कागदावर छापून चिकटवलेल्या नक्षीत ठिपके एकमेकांशी तंतोतंत जुळतात. येथे ठसे स्पंजाचे असतात. स्पंजाच्या छिद्रांत रंगाचे पाणी धरून राहते, एकदा भाजलेली सच्छिद्र माती ते क्षणात शोषून घेते आणि कण जागीच बसतात. म्हणून चुकलेला ठसा पुसता येत नाही. ओळीतला एखादा ठिपका दाट, पुढचा फिकट, शेवटचा जागा न पुरल्याने शेजाऱ्यावर किंचित चढलेला, असे दिसले तर तेथे माणसाचा हात आहे. येथील सर्वांत प्रसिद्ध ठशाला पोलिश भाषेत ‘पाव्ये ओको’ म्हणतात, म्हणजे मोराचा डोळा.

१९४५ नंतर जर्मन रहिवाशांना गाव सोडावे लागले आणि पोलिश कुटुंबे येथे आली. कारखाने पुन्हा उभे करण्याच्या कामात क्राकूवचे मृत्तिकाशिल्पी तादेउश शाफ्रान यांनी मोठा वाटा उचलला, आणि १९५० मध्ये ‘सेरामिका आर्तिस्तिच्ना’ ही सहकारी संस्था निघाली. माणसे, भाषा आणि गावाचे नाव बदलले तरी माती, भट्टी आणि स्पंजाचा ठसा राहिला. पुढे जर्मनीत तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांच्या कुटुंबांनी ही भांडी घरी नेली आणि अमेरिकेत संग्राहकांचा मोठा वर्ग तयार झाला.

विकत घेताना बुडाचा शिक्का पाहावाच. कारखान्याची खूण, हाताने बनवल्याची नोंद आणि ‘उनिकात’ या खास श्रेणीच्या भांड्यावर बहुधा नक्षीकाराची सही असते. पण शिक्क्याइतकाच कानावर विश्वास ठेवावा. भांडे बोटांच्या टोकांवर तोलून नखाने हलके टिचकावले की सलग काचीभूत भिंत घणघणते. केसाएवढा तडा गेला असेल तर आवाज बोदा येतो. नंतर उजेडात तिरके धरून झिलईवर बारीक जाळी पडली आहे का पाहावे. चांगली झिलई थंड होताना मातीपेक्षा थोडी कमी आकसते, त्यामुळे ती कायम दाबाखाली राहते, आणि काच दाब उत्तम सोसते. झिलई मातीपेक्षा जास्त आकसली तर ती ताणली जाऊन तडकते आणि अन्नाचे कण त्या रेषांत साचतात. असे भांडे, तसेच ज्याची झिलई शिशाची असू शकते असे जुने अनोळखी भांडे, कपाटात ठेवण्यापुरतेच घ्यावे.

बाकीची भांडी मात्र रोज वापरावीत. ती स्वयंपाकघरासाठीच घडली आहेत. ओव्हनमध्ये ती चालतात, फक्त फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नयेत आणि गॅसच्या ज्योतीवर तर कधीच नाही, कारण ही माती उष्णता सावकाश वाहून नेते, एका बाजूने फुगते आणि दुसरी बाजू गारच राहते. आणि नवे भांडे घरी आले की एकदा त्या कोऱ्या कड्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. माठाच्या मातीत तो बघता बघता जिरतो. येथे तो गोल फुगीर तसाच बसून राहतो, आणि फडक्याने टिपला की कडे कोरडे असते.